आधीच लावलेला पॅच

हर्षा मेश्रामला सिल्व्हर हेरॉनमध्ये नोकरी मिळवून दिली ती रत्नदीप तायडेनेच. पहिले काही आठवडे हे तो ज्याला त्याला अभिमानाने सांगायचा. पुढे पुढे तेच आठवलं की त्याचं तोंड कडू व्हायचं.

सिल्व्हर हेरॉन ही सिंगापूरहून मलाक्का आणि क्वालालंपूरला कोच बस सोडणारी कंपनी. गाड्या वुडलँड्सच्या डेपोतून निघत आणि पूल ओलांडून मलेशियात जात. तिकिटं मात्र सगळी वेबसाइटवर विकली जात. ती वेबसाइट सात सर्व्हरांवर चाले आणि ते सातही सर्व्हर कित्येक वर्षं रत्नदीपच्या हातचे होते. वेबसाइट उघडणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देणारा जो प्रोग्राम असतो, वेब सर्व्हर, तो बहुतेक लोक तयार पॅकेजमधून बसवतात. एक ओळ टाइप केली की पॅकेज उतरतं आणि बसतं. नवी आवृत्ती आली की पुन्हा तीच ओळ. रत्नदीपला हे कधी मानवलं नाही. तो मूळ सोर्स कोड उतरवून घ्यायचा, त्यातलं काय हवं आणि काय नको ते एका लांबलचक ओळीत लिहायचा आणि सगळं स्वतः कंपाइल करायचा, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम बनवायचा. स्क्रीनवर ओळींमागून ओळी सरकू लागल्या की शेजारच्या टेबलांवरची मंडळी खुर्च्या वळवून बघत बसायची. ऑफिसात त्याच्या या प्रोग्रामला 'रत्नाज बिल्ड' असं नावच पडलं होतं. नवीन माणूस आला की त्याला सांगितलं जायचं, 'वेब सर्व्हरला हात लावू नकोस, ते रत्नाज बिल्ड आहे.'

हर्षा त्याला भेटली ती सिंगापूरच्या पुंगोल भागात, एका रविवारच्या बुद्धवंदनेला. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी फ्लॅटवर मंडळी जमत, वंदना होई, मग जेवण. ती वर्ध्याची, तो भुसावळचा. ती नुकतीच एका बँकेतली कंटाळवाणी नोकरी सोडायच्या बेतात होती. "जयभीम दादा," म्हणून तिने आपणहून ओळख करून घेतली आणि दोघं ताटं हातात धरून लिनक्सवर इतका वेळ बोलत उभी राहिली की जान्हवीने, रत्नदीपच्या बायकोने, त्यांच्या ताटातला भात गार झाल्याचं येऊन सांगितलं. त्याला फार बरं वाटलं होतं. आपल्यातली, हुशार, आणि आपल्याला मानणारी. त्याने दुसऱ्याच दिवशी स्यू हूनकडे, त्याच्या मॅनेजरकडे, तिचं नाव दिलं.

हर्षा आली आणि दोन महिन्यांत तिने सातातले सहा सर्व्हर पॅकेजवर नेले.

तिने ते भांडून केलं नाही. दरवेळी विचारून केलं. "दादा, याच्यात तुम्ही जे मॉड्यूल घातलंय ते आता पॅकेजमध्येच येतं. बदलू का?" आणि त्याच्याकडे नाही म्हणायला कारण नसायचं. पूर्वी नवी आवृत्ती आली की त्याचे दोन दिवस जायचे. आता हर्षा सकाळी येऊन एक ओळ टाइप करायची आणि पिशवीतून डबा काढून फ्रिजमध्ये ठेवून येईपर्यंत काम झालेलं असायचं. कुणी खुर्ची वळवून बघायचंही नाही. बघायला काही नसायचंच.

एकदा स्यू हून तिच्या मागे उभी राहून ते बघत होती. मग ती सहज, कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाली, "हे आपण आधीच का नाही केलं?"

रत्नदीप तीन खुर्च्यांपलीकडे होता. त्याने मान वर केली नाही. पण ते वाक्य त्याच्या मनात रुतलं ते रुतलंच. जेवताना, एमआरटीच्या गाडीत उभं असताना, दात घासताना ते त्याला ऐकू यायचं. आणि त्या आवाजामागे स्यू हूनचा चेहरा नसायचा, हर्षाचा असायचा. बोलत काही नसलेला, कामात असलेला.

घरीही सुटका नव्हती. अवनी, त्याची मुलगी, आठवडाभर एका शाळेच्या प्रोजेक्टवर अडली होती. त्याने दोनदा समजावलं होतं. रविवारी हर्षा आली, अवनीच्या शेजारी जमिनीवर बसली आणि अर्ध्या तासात दोघी खिदळत होत्या.

"पप्पा, हर्षादीदी एक्सप्लेन्स सो क्लिअर लाह," अवनी म्हणाली. "यू ऑल्वेज गो टू द व्हेरी व्हेरी बिगिनिंग."

"सुरुवात कळल्याशिवाय पुढचं काय कळणार?" तो म्हणाला.

"तेच ना," जान्हवी स्वयंपाकघरातून म्हणाली आणि हसली. त्यात वाईट काही नव्हतं. पण त्याला ते लागलं. हर्षाला डबा भरून देताना जान्हवीने वांग्याची भाजी जरा जास्तच घातली, हेही त्याने पाहिलं. आपण भाजीचे चमचे मोजतोय हे लक्षात आल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली, आणि ती लाजही त्याने हर्षाच्याच खात्यावर मांडली.

मे महिना संपत आला तेव्हा बातमी आली की सुरक्षित जोडणीची जी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, जगभरातले वेब सर्व्हर वापरतात, तिच्यात मोठं भगदाड सापडलंय. बाहेरचा माणूस त्यातून आत शिरू शकत होता. शाळांच्या सुट्ट्या तोंडावर होत्या, बुकिंग जोरात होतं. हर्षाने सहा सर्व्हर तासाभरात अपडेट करून टाकले. राहिला सातवा.

सातवा सर्व्हर ड्रायव्हरांच्या हातातल्या मशीनांशी बोलायचा. प्रवासी चढताना ड्रायव्हर त्याच्या मोबाइलवरचं तिकीट त्या मशीनने तपासतो, मशीन सातव्याला विचारतं, सातवा हो किंवा नाही सांगतो. हा एकच अजून 'रत्नाज बिल्ड' होता. त्यात लायब्ररी त्याने प्रोग्रामच्या आतच कंपाइल करून घातली होती, त्यामुळे पॅकेजमधून आलेली दुरुस्ती तिथवर पोचतच नव्हती.

ती लायब्ररी आत घालायला कारण होतं. जुन्या गाड्यांमधली मशीनं फार जुनी होती. त्यांना जोडणीची जी जुनी पद्धत कळायची ती पॅकेजवाल्या लायब्ररीतून मुळातच काढून टाकलेली होती. कुठलंही सेटिंग बदलून ती परत येण्यासारखी नव्हती. चार वर्षांपूर्वी डेपोत रहीम नावाच्या ड्रायव्हरच्या गाडीत एक अख्खी दुपार बसून रत्नदीपने हे शोधून काढलं होतं आणि तेवढ्यासाठी जुनी लायब्ररी वापरून वेगळा बिल्ड केला होता. नव्या गाड्यांत नवी मशीनं आली. जुन्या गाड्यांत जुनीच राहिली. हे ऑफिसात त्याच्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं, कारण कुणी कधी विचारलंच नव्हतं.

सोमवारी स्यू हूनने दोघांना बोलावलं. "सातवाही पॅकेजवर न्या. बुधवारी सकाळी, गर्दी कमी असते तेव्हा. हर्षा करेल. रत्ना, त्यात तिला काही सांगण्यासारखं आहे का?"

"नाही," रत्नदीप म्हणाला. "हर्षाला सगळं येतं."

ते वाक्य कौतुकासारखं वाजलं. हर्षा त्याच्याकडे बघून हलकेच हसलीही.

पण ती कामात कच्ची नव्हती. दुपारी ती त्याच्या टेबलाशी आली. "दादा, सातव्याच्या बिल्डची ओळ बघितली. त्यात जुनी लायब्ररी आहे. ती का घातली होती?"

विचारायला हवं तेच तिने विचारलं होतं. त्याच्या जिभेवर उत्तर होतं. रहीमची गाडी, ती दुपार, ती मशीनं, सगळं. ते सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती, दोन दिवसांत काहीतरी तोडगा काढला असता, आणि स्यू हून पुन्हा एकदा तिच्या मागे उभी राहून काहीतरी म्हणाली असती.

"त्या वेळी पॅकेज फार जुनं होतं गं," तो म्हणाला. "तेव्हाची सवय. खास काही नाही."

"नक्की?"

"अगं हो."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि गेली. तिने पुढे काही तपासलं नाही, कारण दादा म्हणाले होते.

मंगळवारी रत्नदीपने एक गोष्ट आणखी केली. जुन्या लायब्ररीसाठी भगदाड बुजवणारी दुरुस्ती, म्हणजे पॅच, कुणी काढलेली नव्हती. ती त्याने स्वतः बसून तयार केली, आपल्या फोल्डरमधल्या सोर्सला लावली, कंपाइल केली, चालवून पाहिली. चालली. काम अवघड होतं आणि त्याला ते सुंदर जमलं होतं. गंमत अशी की ते करताना त्याला बऱ्याच दिवसांनी निखळ आनंद झाला. आपण हे कशासाठी करतोय हे त्याने मनात पुरतं उच्चारलं नव्हतं. उद्या लागलं तर असावं, एवढंच तो स्वतःला सांगत होता.

बुधवारी हर्षाने सातवा सर्व्हर पॅकेजवर नेला. ऑफिसात चाचणीला ठेवलेली मशीनं तिने एकेक करून तपासली. ती सगळी नवी होती, सगळ्यांवर हिरवा दिवा लागला. स्यू हूनने अंगठा वर केला. दोघीतिघी खाली कोपी, म्हणजे इथली कॉफी, प्यायला गेल्या. "दादा, येता?" हर्षाने विचारलं. तो म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे," आणि टेबलाशी बसून राहिला.

थोड्या वेळाने त्याचा फोन वाजला. रहीमचं नाव. चार वर्षांपूर्वीच्या त्या दुपारपासून रहीमकडे त्याचा नंबर होता. काही अडलं तर तो हेल्पडेस्कला न विचारता सरळ त्यालाच फोन करायचा.

रत्नदीप फोनकडे बघत राहिला. तो वाजून थांबला. पुन्हा वाजला. त्याने तो उचलून पालथा ठेवला. टेबलाच्या लाकडावर तो थरथरत राहिला, थांबला, तिसऱ्यांदा थरथरला. मग बंद झाला.

त्यानंतर खाली हर्षाचा फोन वाजू लागला. ती लिफ्टमधून धावतच आली. वुडलँड्सला जुन्या गाड्यांची मशीनं तिकीट घेत नव्हती. प्रवासी उन्हात उभे होते. ती खुर्चीत बसली, लॉग बघू लागली. त्याला तिची पाठ दिसत होती. तिने एक सेटिंग बदललं, दुसरं बदललं. तिचे कान लाल झाले. तीन खुर्च्यांपलीकडून रत्नदीप हे बघत होता आणि त्याच्या छातीत काहीतरी सैल होत होतं, ताणलेली दोरी कुणी हळूच सोडावी तसं. इतके महिने त्याला झोप लागत नव्हती ती आता लागली असती.

"मी जुनं परत आणते," हर्षा म्हणाली. "कॉपी काढून ठेवलीय."

"नाही," स्यू हून म्हणाली. "त्या भगदाडातून लोक आत शिरतायत, आज सकाळचीच बातमी आहे. बंद केलेलं दार परत उघडायचं नाही. दुसरं काय करता येईल?"

मग रत्नदीप उठला. सावकाश आला. "सरक जरा," तो हर्षाला म्हणाला. "जुन्या मशीनांना जुनी लायब्ररी लागते. मी ती दुरुस्त करून कंपाइल करतो."

तयार प्रोग्राम त्याच्या फोल्डरमध्ये होता. तो उचलून जागी ठेवला असता तर एका मिनिटात मशीनं सुरू झाली असती. त्याने तसं केलं नाही. त्याने तो तयार बिल्ड पुसला आणि सगळं पहिल्यापासून करायला घेतलं. लांबलचक ओळ त्याने स्मरणातून टाइप केली. मागे कुणीतरी "वाह" म्हणालं. खुर्च्या वळल्या. मग दुरुस्ती लावायची आज्ञा त्याने टाइप केली आणि एंटर मारलं.

स्क्रीनवर उत्तर आलं: हा पॅच आधीच लावलेला दिसतो. उलटा करू?

त्याने झटकन 'नाही' दाबलं, पुढची आज्ञा दिली आणि ओळी सरकायला लागल्या. तो प्रश्न वर वर जात दिसेनासा झाला. स्यू हून घड्याळ बघत होती. बाकीच्यांना सरकणाऱ्या ओळींपलीकडे काही कळत नव्हतं. पण हर्षा त्याच्या अगदी खांद्याशी उभी होती. तिचा श्वास त्याला ऐकू येत होता, आणि तो मध्येच थांबलेला त्याला ऐकू आला.

कंपाइल व्हायला वेळ लागला. मग त्याने प्रोग्राम जागी ठेवला, सुरू केला. वुडलँड्सहून फोन आला की मशीनं चालू झाली. टाळ्या पडल्या. स्यू हूनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ओल्ड इज गोल्ड," कुणीतरी म्हणालं. इतके महिने ज्याची वाट बघितली ते सगळं एकदम आलं, आणि त्याने मान वळवून हर्षाकडे पाहिलं. ती आपला लॅपटॉप मिटत होती.

दुपारी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या ठेल्यांच्या गर्दीत, ती त्याच्यासमोर येऊन बसली. हातात फक्त लिंबूपाण्याचा ग्लास.

"पॅच कधी लावला होता?" तिने विचारलं.

तो नूडल्सशी चाळा करत राहिला. खोटं बोलायला आता जागा नव्हती. "काल."

"म्हणजे मी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि आज तयार असून पुन्हा केलं? लोकांना उभं ठेवून?"

त्याने नूडल्सचा बाऊल बाजूला सारला. हर्षाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ते असतं तर त्याला बरं वाटलं असतं. "काहून केलं असं?" ती वर्ध्याच्या घरच्या बोलीत म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता उठली. "येते, सर."

दादा नाही, सर. त्या एका शब्दाने आपल्याला इतकं लागेल असं त्याला वाटलं नव्हतं.

तिने हे कुणाला सांगितलं नाही. गुरुवारी तिने स्यू हूनला लिहून दिलं की चाचणी अपुरी होती, जुनी मशीनं तपासायला हवी होती, चूक तिची. रत्नदीपला वाटलं होतं, ती बोलेल. ती बोलली असती तर त्याला तिच्यावर रागावता आलं असतं. तिचं गप्प राहणंही त्याला सलू लागलं. यातही ती आपल्यापेक्षा वरचढच ठरली, असं त्याच्या मनात आलं आणि आपण कुठवर आलोय ते बघून तो हबकला.

शुक्रवारी रहीमला निलंबित केल्याचं कळलं.

बुधवारी रहीमची मलाक्काची गाडी होती. मशीन चालेना. रांगेत एक चिनी म्हातारी होती, तिचा भाऊ मलाक्काच्या हॉस्पिटलमध्ये शेवटच्या घटका मोजत होता. ती सारखी विचारत होती, गाडी कधी सुटणार. रहीमने वाट पाहिली, फोन केले, आणि शेवटी मशीन बाजूला ठेवून, लोकांच्या मोबाइलवरची तिकिटं डोळ्यांनी बघून सगळ्यांना चढवलं आणि गाडी काढली. तपासल्याशिवाय प्रवासी घ्यायचा नाही हा कंपनीचा कडक नियम. नंतर कळलं, त्यातल्या दोघांची तिकिटं रद्द केलेली होती. चौकशी बसली.

"तो म्हणतो, आयटीला तीनदा फोन केला, कुणी उचलला नाही," स्यू हून शुक्रवारच्या मीटिंगमध्ये म्हणाली. "हेल्पडेस्ककडे त्याच्या एकाही फोनची नोंद नाही. हर्षा, तुला केला होता?"

"नाही."

"मग तो खोटं बोलतोय. हे त्याला महागात पडेल. चुकला असता तर समजावून सोडलं असतं, खोटं बोलणाऱ्याला कसं ठेवणार?"

पुढचा मुद्दा काढायला तिने पान उलटलं. रत्नदीपला रहीमची ती दुपार आठवली. गाडीचा एसी बंद, दोघंही घामाघूम, आणि रहीम दर थोड्या वेळाने खाली उतरून त्याच्यासाठी थंड बार्लीचं पाणी आणत होता. त्याने हर्षाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ते तिच्यासाठी केल्यासारखं झालं असतं.

"त्याने मला फोन केला होता," तो म्हणाला. "तीनदा. मी उचलला नाही."

स्यू हूनने मान वर केली. "का? मीटिंगमध्ये होतास?"

"नाही. टेबलाशीच होतो. मशीनं बंद पडणार हे मला माहीत होतं. सोमवारीच माहीत होतं. तुम्ही विचारलंत, मी नाही म्हणालो. हर्षाने वेगळं विचारलं, तिलाही सांगितलं नाही. दुरुस्ती मंगळवारीच तयार होती. बुधवारी मी सगळ्यांना दाखवायला ती परत केली. त्यात अर्धा तास गेला."

"पण का, रत्ना?" स्यू हून म्हणाली, आणि तिला खरंच कळत नव्हतं.

त्याला इंग्रजीत शब्द सापडेना. "कारण तुम्हाला ती आवडली," तो शेवटी म्हणाला. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाच्या तोंडी ते इतकं पोरकट वाटलं की कुणी हसलं असतं तरी चाललं असतं. कुणी हसलं नाही.

रहीम सोमवारी कामावर परत आला. म्हातारी वेळेत पोचली होती आणि भावाला भेटली होती, हे त्यानेच डेपोत सगळ्यांना सांगितलं. रत्नदीप त्याला भेटायला वुडलँड्सला गेला. रहीमने सगळं ऐकून घेतलं, गाडीचं चाक तपासत राहिला आणि एवढंच म्हणाला, "बॉस, मॅन अँग्री विथ वुमन, व्हाय माय बस मस्ट वेट?" त्यानंतर त्याचा फोन कधी आला नाही. अडलं की तो हेल्पडेस्कला फोन करतो.

रत्नदीपची नोकरी राहिली, पण सर्व्हरांच्या चाव्या काढून घेतल्या गेल्या. लेखी ताकीद मिळाली. सातही सर्व्हर हर्षाकडे गेले आणि टीमही तिच्याकडे गेली. तिच्या हाताखाली आता तोही होता.

तिने जुन्या मशीनांसाठी काढलेला तोडगा त्याला आधी सुचला नव्हता याचं त्याला आजही वाईट वाटतं. त्याचा बिल्ड तिने टाकून दिला नाही. तो तसाच्या तसा घेऊन तिने त्याचं पॅकेज बनवलं, घरचं, कंपनीपुरतं. म्हणजे सोर्स त्याचा, कंपाइल करणं त्याच्या पद्धतीचं, पण बसवायला आणि अपडेट करायला एक ओळ. नवी मशीनं येईपर्यंत तेवढ्यावर भागणार होतं. त्यासाठी तिला त्याच्याजवळ बसावं लागलं. दोन दुपारी ती त्याला एकेक पर्याय विचारत गेली आणि तो सांगत गेला, हा कशासाठी, तो कशासाठी. काहीही न लपवता. एका पर्यायाशी तो थांबला.

"हा काढून टाक," तो म्हणाला. "याचा उपयोग नाही. ओळ भारी दिसावी म्हणून मी ठेवला होता."

हर्षाने तो पुसला. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण ते हसू आहे असं त्याला म्हणता आलं नसतं. पॅकेज सांभाळणाऱ्याच्या जागी कुणाचं नाव येतं हे तो न बघण्याचा प्रयत्न करत बघत होता. तिने आपलं लिहिलं. बरोबरच होतं, सांभाळणार तीच होती. तरी त्याने ते नाव दोनदा वाचलं.

ऑगस्टमधली वंदना तायड्यांच्या फ्लॅटवर होती. जान्हवीला त्याने सगळं सांगितलं होतं. ती दोन दिवस बोलली नव्हती आणि मग तिने आपणहून हर्षाला फोन केला होता. हर्षा आली. वंदनेला बसली, जेवली, अवनीशी तिच्या नव्या प्रोजेक्टबद्दल बोलली. त्याला "नमस्कार सर" म्हणाली. निघताना अवनी तिला सोडायला एलआरटी स्टेशनपर्यंत गेली.

रत्नदीप बाल्कनीत उभा राहून बघत होता. दोघी खालच्या रस्त्याने चालल्या होत्या, अवनी हातवारे करत, हर्षा मान डोलावत. अवनी त्याच्याशी बोलताना इतके हातवारे कधी करत नसे.

जान्हवी उष्टी ताटं गोळा करत मागे आली. "काय बघतोस?"

"काही नाही," तो म्हणाला. मग म्हणाला, "मला अजून तिचा हेवा वाटतो गं. गेला नाही. मला वाटलं होतं, बोलून टाकलं की जाईल."

जान्हवीने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. "तिला पुढच्या वेळी बोलावू नको का?"

त्याने विचार केला. खाली दोघी वळणावर दिसेनाशा झाल्या.

"बोलाव," तो म्हणाला आणि तिच्या हातातली ताटं घेऊन आत घासायला गेला.